फ्रेंच चहागृह आणि घरचा चिरोटा

पदार्थाचें नांव परकें असलें म्हणजे जिभेच्या आधीं मन बिचकतें. मुंबईंत फ्रेंच धर्तीचीं जीं मिठाईगृहें अलीकडे निघालीं आहेत, त्यांतील एखाद्याच्या कांचेच्या दारापाशीं घटकाभर उभें राहून पाहावें. कांहीं माणसें आपल्या घरांत शिरावें तशीं दार लोटून आंत जातात. कांहींचें पाऊल उंबरठ्याशीं अडतें. खिशांत पैसे नसतात म्हणूनच तें अडतें असें नाहीं. आंत गेल्यावर काय मागावें, त्याचा उच्चार कसा करावा, आणि तें समोर आल्यावर हातानें खावें कीं कांट्यानें, या तीन प्रश्नांपाशीं तें अडलेलें असतें. हा संकोच खरोखर कशाचा आहे, आणि तो बाळगण्याचें कारण आहे काय, हें पाहण्यासाठीं श्रोत्यांनीं बोईसरच्या एका आजीची व तिच्या नातीची गोष्ट ऐकावी. गोष्ट कल्पित आहे. तिच्यांतील प्रश्न मात्र कल्पित नाहींत.

बोईसर पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडे. १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर या स्वतंत्र जिल्ह्यांत आहे. शेजारीं तारापूरची औद्योगिक वसाहत, समुद्रकांठीं १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत् केंद्र, आणि किनाऱ्यालगत चिंचणी, तारापूर अशीं जुनीं गांवें. फ्रान्सचें नांव या मुलुखाला अगदींच नवें नाहीं. अमेरिकेनें तारापूरच्या केंद्रास इंधन देण्याचें थांबविल्यावर १९८२ सालच्या करारानें तें कांहीं वर्षें फ्रान्सनें पुरविलें होतें. परंतु फ्रान्सचें इंधन आलें म्हणून फ्रान्सचा चहाफराळ त्याबरोबर आला नाहीं. त्यासाठीं मुंबईच गांठावी लागते.

गोष्टींतील नात तेथील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत नोकरीस लागली. पहिला पगार हातीं येतांच ती आजीस म्हणाली, “आजी, या रविवारीं तुला मुंबईला नेणार. जन्मांत प्यायली नसशील अशा ठिकाणीं चहा पाजतें.” आजी मूळची चिंचणीची. तिच्या यजमानांचा डायचा धंदा होता. सोनारांना लागणारे नक्षीचे ठसे पोलादांत कोरण्याचें हें काम त्या किनाऱ्यावर घरोघर चालत आलेलें आहे. केसाएवढी रेघ सरळ आहे कीं वांकडी, हें ओळखण्याची संवय आजीच्या डोळ्यांना त्या घरांतच लागली होती.

२०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत जाऊं लागली. तरी बोईसरहून चर्चगेट शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि बहुधा विरारला गाडी बदलावी लागते. आजीनें पिशवींत पाण्याची बाटली व बेकरीच्या खारीचा एक पुडा घेतला होता. पालघर मागें पडतांच तिनें पुडा नातीपुढें धरला. “आतां नको गं, तिथं खायचं आहे,” म्हणून नातीनें तो बाजूस सारला.

चहागृहांत थंडगार हवा होती. कांचेच्या पेटींत दागिने मांडावे तसे पदार्थ मांडलेले होते. चंद्रकोरीच्या आकाराचा क्रोआसाँ, बोटासारखा लांबट एक्लेर, बदामाच्या कुटाच्या दोन रंगीत चकत्या जोडून केलेले माकारों, आणि तीन पापुद्रेदार पट्ट्यांमध्यें घट्ट साय भरावी तसा दिसणारा मिल्फय. मिल्फय म्हणजे ‘हजार पानांचा’. नातीनें हे उच्चार घरून पाठ करून आणले होते. तिनें मिल्फय मागितला. त्याची किंमत चारशें रुपयांच्या घरांत होती. आजीनें ती वाचली आणि कांहीं न बोलतां पिशवीचा बंद घट्ट धरला.

चहा आला. आजीनें संवयीनें कप उचलून चहा बशींत ओतावयास सुरुवात केली. नात खालच्या आवाजांत म्हणाली, “आजी, इथं बशींत नको ना ओतूंस. लोक बघताहेत.”

“बरं बाई,” आजी म्हणाली. तिनें कप जागच्या जागीं ठेवला आणि मग त्याला हात लावला नाहीं.

येथें गोष्ट क्षणभर थांबवूं. नातीस ज्या बशीची लाज वाटली, ती बशी आजीच्या अडाणीपणाची खूण नव्हे. अठराव्या शतकांत युरोपांतहि चहा बशींत ओतून, निववून पिण्याची चाल होती. पुढें शिष्टाचार बदलला आणि जुनी चाल गांवढळ ठरली. म्हणजे एका काळचा शिष्टाचार दुसऱ्या काळीं हंसण्याचा विषय होतो. ज्याची लाज वाटावयाची ती गोष्टच जर अशी फिरती असेल, तर लाज वाटण्यापूर्वीं थोडें थांबावें हें बरें.

फ्रेंच लोक अशा मिठाईगृहास ‘पातिसरी’ म्हणतात. पीठ मळून, भाजून केलेल्या नाजूक गोड पदार्थांचें दुकान, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. या कलेंत फ्रान्सचें नांव जगभर झालें हें योग्यच आहे. परंतु फ्रान्सनें ती कला एकट्यानें निर्माण केली नाहीं. १७२५ सालीं पोलंडच्या पदच्युत राजाची कन्या फ्रान्सची राणी झाली, तेव्हां निकोला स्तोरेर हा तिचा मिठाई करणारा तिच्याबरोबर व्हर्सायला आला. १७३० सालीं त्यानें पॅरिसमध्यें दुकान काढलें, आणि तें दुकान अद्यापि चालू आहे. क्रोआसाँचें मूळहि व्हिएन्नाचें. ऑगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन गृहस्थानें १८३८ च्या सुमारास पॅरिसमध्यें व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. तिच्यांतील चंद्रकोरी पावाचें रूप पालटत पालटत आजचा क्रोआसाँ झाला. बाहेरून आलेलें जें जें चांगलें तें फ्रान्सनें घेतलें, घोटलें, आणि आपलें म्हटलें.

फ्रान्सनें विशेष केलें तें निराळेंच. त्यानें हातांच्या या कामास नांव दिलें, ग्रंथ दिला, शाळा दिली. आंतोनँ कारेम हा मुलगा गरिबीमुळें लहानपणींच पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिला गेला होता. एका खाणावळींत भांडीं घासून त्यानें पोट भरलें. पुढें मिठाईच्या दुकानांत उमेदवारी केली. आणि फावल्या वेळांत ग्रंथालयांत बसून जुन्या इमारतींच्या आराखड्यांचा अभ्यास केला. त्या आराखड्यांवरून तो साखरेचे व पिठाचे मनोरे उभारी. १८१५ सालीं त्यानें आपल्या कलेवर ग्रंथ छापला. १८३३ सालीं तो वारला तेव्हां राजे-महाराजे त्याच्या नांवानें त्याला ओळखत होते. भट्टीपाशीं उभा राहणारा मनुष्य स्वतःच्या नांवानें ओळखला जावा, ही गोष्ट लहान नव्हे.

चहागृहाची कथाहि अशीच. पॅरिसच्या लादुरे या दुकानाचा आरंभ १८६२ सालीं झाला. तेथील कॉफीगृहें पुरुषांचीं. प्रतिष्ठित स्त्रीस तेथें जाऊन बसणें प्रशस्त वाटत नसे. पुढें लादुरेंच्या घराण्यानें मिठाई आणि बैठक एकत्र आणून चहागृह काढलें, तेव्हां स्त्रियांना घराबाहेर निर्भयपणें बसण्यास एक जागा मिळाली. मुंबईच्या इराण्यांनीं आपल्या हॉटेलांत ‘कुटुंबासाठीं’ म्हणून आडोशाची जी खोली ठेवली, तिच्यामागें हीच गरज होती. १९०४ सालीं निघालेल्या कयानीसारख्या इराणी दुकानांनीं मुंबईच्या मध्यम वर्गास पाव-मस्का आणि चहा तर दिलाच, पण त्याबरोबर बसावयास टेबल दिलें. दोन आण्यांच्या चहावर मनुष्य तेथें घटकाभर निश्चिंत बसत असे. चहागृहाची खरी विक्री या बसण्याची असते.

आतां टेबलावरील मिल्फयाकडे वळूं. आजीनें कांटा बाजूस ठेवला. दोन बोटांनीं वरचा एक पापुद्रा अलगद उचलला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला.

“पदर चांगले सुटलेत,” ती म्हणाली. “साटा लोण्याचा दिसतोय.”

“आजी, हें फ्रेंच आहे,” नात म्हणाली.

“असूं दे. ज्यानं लाटलंय त्याचा हात हलका आहे.”

आजीचें निदान शास्त्राच्या दृष्टीनेंहि बिनचूक होतें. मिल्फयाची रीत अशी. मैद्याच्या पिठांत गार लोण्याची चौकोनी वडी गुंडाळावयाची. मग तें लांबट लाटून पत्राच्या घडीप्रमाणें त्याच्या तीन घड्या घालावयाच्या, आणि थंड जागीं विसांवूं द्यावयाचें. पुन्हां लाटावयाचें, पुन्हां तीन घड्या. असें सहा वेळां केलें म्हणजे तिनाचा सहावा घात, अर्थात् लोण्याचे ७२९ थर होतात. मध्यें विसांवा न दिला तर पिठांतील चिवटपणा ताणला जाऊन पोळी आंखडते. लोणी पातळ झालें तर तें पिठांत मुरतें आणि थर नाहींसे होतात. भट्टींत घातल्यावर पिठांतील व लोण्यांतील पाण्याची वाफ होते. लोणी एका पापुद्र्यास दुसऱ्याशीं चिकटूं देत नाहीं, आणि वाफ प्रत्येक पापुद्र्यास वर उचलते. या फुगण्यांत ना खमीर असतें, ना सोडा. घडी, थंडावा आणि धीर, एवढ्यावरच सारें चालतें.

आणि चिरोटा? मैद्याच्या पातळ पोळ्या लाटावयाच्या. तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा करावयाचा. पोळीवर साटा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हां साटा, त्यावर तिसरी. मग घट्ट वळकटी करून तिचे काप करावयाचे, आणि ते अगदीं हलक्या हातानें लाटून मंद आंचेवर तळावयाचे. येथेंहि तूप थरांना वेगळें ठेवतें, पिठी त्या तुपास धरून ठेवते, आणि वाफ पदर उलगडते. एक भाजावयाचा, दुसरा तळावयाचा. एकाचे थर शेंकड्यांनीं, दुसऱ्याचे मोजके. पण दोहोंच्या मुळाशीं असलेली युक्ति एकच. व्हर्सायच्या मुदपाकखान्यांत ही युक्ति जशी ठाऊक होती, तशीच ती चिंचणीच्या ओटीवर पोळपाटापाशीं बसलेल्या बाईसहि ठाऊक होती. त्यासाठीं कोणी कोणाकडून पत्र मागविलें नव्हतें.

पिशवींतील खारी तर याहूनहि जवळची. खारी म्हणजे तेंच घड्यांचें पीठ, साखरेऐवजीं मिठाचें. आपल्याकडील बेकऱ्यांत लोण्याऐवजीं बहुधा वनस्पति तूप वापरतात. त्याचें एक कारण स्वस्ताई, दुसरें हवामान. समुद्रकांठच्या दमट उन्हाळ्यांत लोणी लाटतां लाटतां वितळूं लागतें, वनस्पति तूप त्याहून अधिक उष्णतेस टिकतें. थंड खोली परवडत नाहीं त्या कारागिरानें हा तोडगा काढला आणि थर राखले. चवींत तो उणा पडला असेल, कसबांत उणा पडला नाहीं.

शिवाय हा किनारा भट्टीला अनोळखी नाहीं. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं गेली. पुढें दोनशें वर्षें वसईपासून उत्तरेस तारापूरच्या कोटापर्यंतचा किनारा त्यांच्या अमलाखालीं होता. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं तारापूर घेतलें, आणि मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. राज्य गेलें, पाव राहिला. याच रेल्वेनें उत्तरेस गेलें तर सुरत लागते. तेथील डच वखारीच्या भट्टींतून पारशी कारागिरांच्या हातीं नानकटाई आली, अशी परंपरेची हकीकत सांगतात. परक्याचें घेऊन त्याला आपल्या हातानें वळण देण्याची रीत फ्रान्सची तशीच येथलीहि आहे.

मग चारशें रुपये कशाचे? न्यायानें सांगावयाचें तर त्यांतील बराच भाग रास्त आहे. निव्वळ लोणी महाग, जागेचें भाडें भारी, थंड खोलीची वीज वेगळी, आणि कारागिराचें शिक्षणहि खर्चाचें. मुंबईंत २०१० सालीं पूजा धिंग्रा यांनीं पॅरिसमध्यें हें शास्त्र शिकून येऊन ‘ल फिफ्टीन’ ही पातिसरी काढली. अशा शिक्षणास वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, आणि त्याचें मोल मिळालेंच पाहिजे. तक्रार त्या किमतीबद्दल नाहीं. तक्रार असली तर ती ही, कीं तशाच कसबाचा हात बोईसरच्या भट्टींत किंवा घरच्या पोळपाटावर दिसला म्हणजे त्यास मोल देण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

मिल्फयांतील सायीस जो सुवास असतो तो व्हॅनिलाचा. व्हॅनिलाची वेल मूळ मेक्सिकोकडची. परमुलुखांत ती वाढे, पण तिला शेंगा धरत नसत. १८४१ सालीं रेयुनियों या फ्रेंच बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें व अंगठ्यानें फुलाचें परागण करण्याची रीत शोधून काढली. जगांतील व्हॅनिलाची लागवड पुढें त्याच रीतीवर उभी राहिली. आल्बियुस मात्र १८८० सालीं दारिद्र्यांत मेला. योगायोग असा, कीं डहाणू-घोलवडचा प्रसिद्ध चिकूहि मूळचा त्याच मेक्सिकोकडचा. चहागृहांतील सुवास आणि पालघरच्या वाडींतील फळ हीं दोन्हीं एकाच मुलुखांतून आलेलीं, आणि दोन्हीं अनोळखी हातांनीं वाढविलेलीं.

हाताला नांव मिळालें म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. लग्नप्रसंगीं वारली स्त्रिया तांदळाच्या पिठानें झोपडीच्या भिंतीवर चौक लिहीत आल्या. त्यांचीं नांवें कोणी टिपून ठेवलीं नाहींत. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं तीच लेखणी कागदावर आणली. १९८९ सालीं पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या चित्रांच्या नकला शहरांतील उपाहारगृहांच्या भिंतींवरहि दिसतात. ज्या तांदळाच्या पिठीनें साटा फेसला जातो, त्याच पिठीनें हीं चित्रें निघालीं. पिठी तीच, हातहि त्याच मुलुखाचे. कोणीतरी नांव विचारलें एवढाच फरक.

चहागृहांतील आजीनें नेमकें तेंच विचारलें. “हें करतं कोण?” काउंटरवरील मुलानें आंतल्या दाराच्या गोल कांचेकडे बोट दाखविलें. आंत पांढरा अंगरखा घातलेला एक तरुण लाटणें फिरवीत होता. “पहाटे येतात ते,” मुलगा म्हणाला. “पीठ आदल्या दिवशींच गार करून ठेवावं लागतं.” आजी त्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिली. नात आजीकडे पाहत राहिली. मग तिनें निवालेला कप बाजूस सारला, किटलींतला ऊन चहा नव्यानें ओतला आणि बशी आजीपुढें सरकविली. बोलली मात्र कांहीं नाहीं.

परतीच्या गाडींत विरार सुटल्यावर नातीनें स्वतः खारीचा पुडा मागून घेतला. एक खारी मोडून ती खिडकीच्या उजेडांत पापुद्रे मोजूं लागली. विसांच्या पुढें हिशेब चुकला. आजी म्हणाली, “दिवाळीला पोळपाटाशीं ये बसायला. सांगून नाहीं यायचं तें.”

चिरोट्याची कृति पुस्तकांतून मिळत नाहीं असें नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचें, कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालचें. त्यांतील मापें घराघरांत पोंचलीं आहेत. परंतु हलका हात म्हणजे किती हलका, हें माप छापतां येत नाहीं. पॅरिसमध्यें तें शिकविण्यास शाळा आहेत. येथें तें शिकविणारीं माणसें घरांत बसलेलीं असतात, आणि त्यांना कोणी विचारीत नाहीं. बेकरींतून आयता पुडा आला, दिवाळीचा डबा बाजारांतून आला, कीं विचारण्याचें कारणहि उरत नाहीं. आणि एक दिवस विचारावें म्हटलें तर सांगणारें माणूस नसतें.

म्हणून फ्रेंच चहागृहांत अवश्य जावें. उच्चार चुकला तर चुकूं द्यावा. बशींत चहा ओतावासा वाटला तर ओतावा. पदार्थाची चव घ्यावी आणि तो करणाऱ्या हाताची चौकशी करावी. मात्र घरीं परतल्यावर तीच चौकशी आपल्या स्वयंपाकघरांतहि करावी, आणि ती दिवाळीच्या आधीं करावी.